फ्लोबेरची खाडाखोड

रुआं शहराच्या नगर वाचनालयात ‘मादाम बोव्हारी’ची हस्तलिखितं आहेत. छापील कादंबरी साधारण चारशे पानांची. तिच्यामागचा कागद साडेचार हजार पानांच्या घरात जातो. त्यात आराखडे वेगळे, कच्चे खर्डे सहा जाड खंडांत बांधलेले, मग गुस्ताव्ह फ्लोबेरच्या स्वतःच्या हातची पक्की प्रत, आणि शेवटी पैसे देऊन नकलनविसांकडून करून घेतलेली प्रत. फ्लोबेरच्या भाचीने, कारोलिनने, १९१४ मध्ये हे बाड वाचनालयाच्या स्वाधीन केलं. आता ते घरबसल्या बघता येतं. एका बाजूला पानाचं छायाचित्र आणि शेजारी तो मजकूर लावून, उतरवून ठेवलेला. उतरवणाऱ्यांत प्राध्यापक होते तसे हौशी स्वयंसेवकही होते, आणि ते हस्ताक्षर बघितलं की त्यांना हात जोडावेसे वाटतात.

फ्रेंच येत नसलं तरी ही पानं बघण्यासारखी आहेत. मोठा कागद, डावीकडे ऐसपैस समास. मधला मजकूर सुरुवातीला सरळ ओळींत चाललेला असतो. मग दोन ओळींच्या मध्ये तिसरी ओळ शिरते, तिच्यावर बारीक अक्षरात चौथी. जागा संपली की वाक्य समासात चढतं, तिथून काठाकाठाने वर जातं. एकाच शब्दाच्या डोक्यावर दोन-तीन पर्यायी शब्द बसलेले, त्यातले एकदोन खोडलेले, एखादा खोडून पुन्हा आणलेला. आणि या सगळ्यावरून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, एक मोठी फुली. ही फुली बघून वाटतं पान रद्द झालं. तसं नाही. पानातलं कामाचं ते पुढच्या कागदावर उतरलं, आता या पानाचं काम संपलं, एवढाच तिचा अर्थ. पुढच्या कागदावर पुन्हा तोच प्रकार. काही उताऱ्यांचे असे सात-आठ खर्डे सापडतात. फुली मारलेल्या कागदाची मागची बाजू कोरी असेल तर तिथे दुसऱ्याच प्रसंगाचा खर्डा. त्यामुळे अभ्यासकांना आधी कोण आणि नंतर कोण हे ठरवण्यात वर्षं घालवावी लागली.

फ्लोबेरचं नाव निघालं की नेमक्या शब्दासाठी दिवसचे दिवस बसून राहणारा कारागीर असं चित्र समोर येतं. ते खोटं नाही, पण त्या चित्रामुळे मोठी गोष्ट झाकली जाते. खर्डे ओळीने बघत गेलं की दिसतं, जे खोडलं त्यात वाईट शब्द थोडे आणि स्पष्टीकरणं फार. अमुक पात्र असं का वागलं, या क्षणी तिला काय वाटलं, वाचकाने यावरून काय समजावं, हे पहिल्या खर्ड्यांत सरळ लिहिलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या खर्ड्यात ते आखडतं. पक्क्या प्रतीत ते नसतं, आणि नसूनही कळतं. पाच वर्षं या माणसाने मुख्यतः स्वतःला कादंबरीतून काढून टाकण्यात घालवली, असं माझं मत झालं आहे.

याची सुरुवात एका फजितीत आहे. सप्टेंबर १८४९ मध्ये फ्लोबेरने ‘सेंट अँथनीचा मोह’ या आपल्या लिखाणाचा पहिला अवतार दोन मित्रांना वाचून दाखवला. मित्र म्हणजे कवी लुई बुये आणि माक्सिम द्यु कां. वाचन चार दिवस चाललं. दुपारी चार तास, रात्री चार तास, मध्ये कुणी बोलायचं नाही अशी अट. बत्तीस तासांनंतर मित्रांनी निकाल दिला: हे शेगडीत टाक आणि पुन्हा याचं नाव काढू नकोस. द्यु कांने आठवणींमध्ये लिहून ठेवलंय की मोकाट सुटणाऱ्या भावनांना वाव मिळणार नाही असा साधा, मध्यमवर्गीय विषय घे, असं दोघांनी सुचवलं. रुआंजवळच्या री गावच्या देलामार नावाच्या डॉक्टरची बायको १८४८ मध्ये तरुण वयात वारली होती, तिच्याबद्दल गावात बरंच बोललं जात होतं. त्या हकिकतीचं बोट धरून कादंबरी उभी राहिली. मधे पूर्वेकडचा लांबचा प्रवास झाला, आणि १९ सप्टेंबर १८५१ रोजी, सेन नदीकाठच्या क्रुआसेच्या घरी, फ्लोबेर लिहायला बसला.

बसण्यापूर्वी आराखडे. हे आराखडे म्हणजे तारेच्या भाषेत लिहिलेल्या सूचना आहेत: कुठला प्रसंग, किती वर्षांचं अंतर, कोण कुणाला भेटतं. पहिल्या आराखड्यात नायिकेचं नाव मारी आहे, एमा नंतर आली. शृंगाराचे उल्लेख इतके उघडेवाघडे की ते लिहिणारा आणि छापील पुस्तकाचा लेखक एकच, यावर विश्वास बसू नये. योन्व्हिल हे गाव कुठल्याही नकाशात नाही, म्हणून त्याने स्वतःच त्याचा नकाशा काढला. रस्ता कुठून येतो, औषधांचं दुकान कुठे, हे ठरवून टाकलं. ओमे हा बोलभांड औषधविक्या, जो वाचकाला एमाइतकाच लक्षात राहतो, तो सुरुवातीच्या आराखड्यांत जवळपास नाहीच. कादंबरी लिहिता लिहिता तो वाढला. म्हणजे आराखडा आधी आणि लेखन मागून असा सरळ हिशेब नव्हता. लिहिताना अडलं की माणूस पुन्हा आराखड्याकडे जायचा, तो बदलायचा, आणि परत यायचा.

या ओमेचं एक टिपण तर अफलातून आहे. कादंबरीच्या शेवटी त्याला सरकारी सन्मानाचा क्रॉस मिळतो. आराखड्यात असं होतं की तो क्रॉस छातीवर लावून ओमे आरशासमोर उभा राहतो आणि त्याला एकाएकी शंका येते, आपण खरे आहोत की कुठल्या तरी कादंबरीकाराच्या डोक्यातून निघालेलं पात्र? विसाव्या शतकातल्या एखाद्या प्रयोगशील लेखकाने यावर अख्खी कादंबरी काढली असती. फ्लोबेरने ते उडवलं. छापील पुस्तकात क्रॉस मिळाल्याची बातमी एका कोरड्या वाक्यात येते आणि पुस्तक संपतं. आरशाचा प्रसंग कितीही चतुर असला तरी त्यात लेखक खिडकीतून डोकावतो, आणि तेच त्याला नको होतं.

लेखनाचा वेग काय होता हे आपल्याला कळतं ते एका प्रेमप्रकरणामुळे. लुईझ कोले ही कवयित्री पॅरिसला, हा क्रुआसेला. मध्यरात्र उलटून गेल्यावर, त्या रात्रीचं काम थांबवून, तो तिला पत्र लिहायचा. प्रेमपत्रांत प्रेम कमी आणि क्रियाविशेषणांची कटकट जास्त. बाईंनी हे कसं सहन केलं कोण जाणे. एप्रिल १८५२ च्या पत्रात सहा आठवड्यांत पंचवीस पानं झाल्याचा हिशेब आहे. जानेवारी १८५३ मध्ये एका पानाला पाच दिवस लागल्याची तक्रार आहे. १८५४ मध्ये दोघांचं बिनसलं आणि ही पत्रं आटली. त्यामुळे कादंबरीच्या तिसऱ्या भागाच्या लेखनाबद्दल पत्रांतून फार कळत नाही. तिथे आपल्याला खर्ड्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

कृषी प्रदर्शनाचा प्रसंग जरा जवळून बघू. गावात शेतकी मेळावा भरलाय. खाली चौकात गुरं बांधलीयेत, बँड आहे, जिल्ह्यातून आलेले साहेब भाषण ठोकतायत. वर नगरपालिकेच्या रिकाम्या दालनात, खिडकीशी स्टुलं ओढून, रोदोल्फ हा जमीनदार एमाला नादी लावतोय. जुलै १८५२ मध्ये फ्लोबेर जवळच्याच ग्रां-कुरोन गावच्या खऱ्या मेळाव्याला जाऊन आला होता, ते प्रकरण लिहायची वेळ येण्याच्या एक वर्ष आधी. जुलै १८५३ मध्ये त्याने प्रसंगाचा आराखडा मांडला तेव्हा तो तीसेक पानांचा होईल असा अंदाज होता. तो हातावेगळा व्हायला हिवाळा उजाडला. ऑक्टोबरच्या पत्रात त्याने कोलेला लिहिलं की सिंफनीचा परिणाम कुणी पुस्तकात आणला असेल तर तो इथे येईल. बैलांचं हंबरणं, प्रेमाचे उसासे आणि अधिकाऱ्यांची वाक्यं एकदमच ऐकू यायला हवीत.

पण कागदावर दोन गोष्टी एकदम ऐकू येत नाहीत. वाचक एका वेळी एकच ओळ वाचतो. यातून फ्लोबेरने काढलेली वाट अशी: आधी भाषणाचा एक मोठा तुकडा, मग वरच्या दोघांच्या बोलण्याचा मोठा तुकडा, मग पुन्हा भाषण. तुकडे हळूहळू लहान होत जातात. बक्षिसं वाटायची वेळ येते तेव्हा एक ओळ खालची, एक ओळ वरची. रोदोल्फ जन्मोजन्मीच्या ओढीबद्दल बोलतोय आणि त्याच्या दोन वाक्यांच्या मधोमध उत्तम खताचं बक्षीस पुकारलं जातं. हे वाचून हसू फुटतं, आणि लेखकाने हसा असं कुठेही म्हटलेलं नाही. बक्षीस-समारंभाच्या अखेरीस कात्रीन लरू नावाची म्हातारी मोलकरीण मंचावर येते. एकाच शेतावर चोपन्न वर्षं राबल्याबद्दल तिला पंचवीस फ्रँकचं रुप्याचं पदक. तिच्या हातांचं वर्णन आहे. कोठारांतली धूळ, धुण्याचा सोडा आणि लोकरीचं मेण यांनी असे झालेले, की धुऊनही मळलेलेच दिसतात. वर्णन संपतं, अर्धशतकाच्या दास्याबद्दल एक छोटं वाक्य येतं आणि गाडं पुढे जातं. तिच्यावर झालेल्या अन्यायाबद्दल अख्खा परिच्छेद लिहायला कुठल्याही लेखकाचे हात शिवशिवले असते.

लिहून झालेलं वाक्य तो मोठ्याने, खरं तर ओरडून, म्हणून बघायचा. अभ्यासिकेत, नाहीतर बागेतल्या लिंडेनच्या झाडांखाली. दमछाक झाली तर वाक्य चुकलं. एक षष्ठी दुसऱ्या षष्ठीला चिकटून आली तरी त्याचा जीव खालीवर व्हायचा. नारिंगीच्या फुलांच्या मुकुटाचा असा एक प्रयोग पुस्तकात राहून गेला म्हणून त्याला आयुष्यभर पश्चात्ताप झाला, असं तेओफिल गोतिए मित्रमंडळीत सांगायचा. आणि एवढं तटस्थ राहायचा हट्ट असलेला हा माणूस एमाचं विषप्राशन लिहिताना स्वतः आजारी पडला. तोंडाला आर्सेनिकची चव आली, जेवण उलटून पडलं, असं त्याने पुढे इपोलित तेनला पत्रात कळवलं.

रविवारी बुये यायचा. आठवडाभरात झालेलं त्याच्यासमोर वाचायचं. फ्लोबेरला हा मित्र मिळाला नसता तर कादंबरी दुप्पट जाड आणि निम्मी चांगली झाली असती. ओमेच्या पोरांसाठी आणलेल्या एका खेळण्याचं लांबलचक वर्णन त्याने पुस्तकातून काढायला लावलं. द्यु कांच्या सांगण्याप्रमाणे फ्लोबेर त्यासाठी बराच भांडला. गेलेलं सगळंच टाकाऊ नव्हतं. सरदाराच्या वाड्यावरच्या नाचानंतरच्या सकाळी एमा बागेतल्या छोट्या मंडपात जाते आणि खिडकीच्या रंगीत काचांतून शेतांकडे बघते. निळ्या काचेतून सगळं उदास, पिवळीतून लख्ख, लाल काचेतून भयाण. हा उतारा खर्ड्यांत पूर्ण लिहिलेला आहे, आणि सुरेख आहे. तो गेला. का गेला याचा अंदाज करता येतो: एमा जगाकडे रंगीत काचांतून बघते हे पुस्तकभर दिसतच असताना ते काचा आणून दाखवण्याची गरज नव्हती. मी संपादक असतो तर मला तो कापवला नसता.

इथपर्यंत वाचून एखाद्या होतकरू कादंबरीकाराला वाटेल की हाच राजमार्ग. तर एक व्यावहारिक बाब सांगायला हवी. फ्लोबेरचे वडील रुआंच्या सरकारी इस्पितळाचे प्रमुख शल्यविशारद होते. ते १८४६ मध्ये गेले तेव्हा मागे जमीनजुमला होता, नदीकाठचं घर होतं. मुलाला १८४४ मध्ये झटके येऊ लागले म्हणून कायद्याचं शिक्षण सुटलं, ते कायमचं. घर आई बघायची. पानाला पाच दिवस लावायची ऐपत होती म्हणून लावले.

आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांकडे बघा. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि ‘पण लक्षांत कोण घेतो!’ त्यातून क्रमशः आलं. संपादक तेच, लेखक तेच. शिवाय आनंदाश्रम संस्थेचा कारभार, पुढे पुणे नगरपालिका. अंकाचा वार काही पुढे जात नाही. छापून गेलेलं प्रकरण परत बोलावता येत नाही, दहाव्या प्रकरणात काही सुचलं म्हणून तिसरं दुरुस्त करता येत नाही. हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या त्याचं कारण मला तरी या रहाटगाडग्यातच दिसतं. असं असूनही ‘पण लक्षांत कोण घेतो!’मधल्या यमूची कहाणी आज अंगावर येते, आणि त्यामागे हरिभाऊंची एक फार मोठी निवड आहे: कहाणी यमू स्वतः सांगते. आठवणी सांगणारी बाई मध्येच थांबली, मागे गेली, एखादी गोष्ट पुन्हा उगाळली, वाचकाला उद्देशून दोन शब्द बोलली, तर ते खटकत नाही. उलट तिथेच ती जिवंत वाटते. ज्या लेखनाला दुसरा हात फिरवायला सवड नाही त्याला हाच बाज शोभतो.

झपाट्याने लिहिल्या गेलेल्या आपल्या दुसऱ्या दोन पुस्तकांबद्दलही हेच म्हणता येईल. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं. भालचंद्र नेमाड्यांनी ‘कोसला’ १९६३ मध्ये पंधरवड्याच्या आसपास हातावेगळी केली, रा. ज. देशमुखांनी ती त्याच वर्षी काढली. संमेलनांच्या मांडवात या दोन कथा इतक्यांदा ऐकू येतात की ऐकणाऱ्या पोरांना वाटतं, कादंबरी ही झटका आल्यासारखी येते. पण श्याम मित्रांना रात्री गोष्टी सांगतोय आणि ‘कोसला’चा नायक पांडुरंग सांगवीकर स्वतःबद्दल बोलतोय. दोघांचाही आवाज लेखकाच्या कानात आधीच पक्का बसलेला होता. एकदा आवाज सापडला की तो वाक्यं ओढून आणतो. त्याच नेमाड्यांची ‘हिंदू’ २०१० मध्ये आली तेव्हा वाचक तिची कित्येक वर्षं वाट बघत होते.

फ्लोबेरने ही वाटच बंद करून घेतली होती. सांगणारं कुणी नाही, आणि तरी सगळं सांगून झालं पाहिजे. डिसेंबर १८५२ च्या पत्रात त्याने म्हटलंय की विश्वात देव असतो तसा लेखक पुस्तकात असावा, सगळीकडे असून कुठेही न दिसणारा. असं पुस्तक पहिल्या खर्ड्यात कुणाच्याच हातून उतरत नाही, कारण पहिल्या खर्ड्यात लेखक स्वतःलाच गोष्ट समजावून सांगत असतो.

मराठीत बुयेची जागा कुणी घेतली असेल तर ती थोड्या संपादकांनी. ‘मौज’चे श्री. पु. भागवत आणि ‘सत्यकथा’चे राम पटवर्धन यांच्या हातून गेलेल्या लेखकांच्या आठवणी वाचल्या की बारीक अक्षरातल्या सूचना, परत आलेली बाडं, पुन्हा लिहिलेले शेवट यांचा उल्लेख येतोच. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडलं. हल्ली कादंबरी टाइप होऊन येते, मुद्रितशोधन होतं आणि ती छापायला जाते. त्या मधल्या वर्ष-सहा महिन्यांचा खर्च कुणी सोसायचा हे ठरलेलं नाही. शिवाय संगणकावर खोडलेलं उरत नाही. पुढच्या काळातल्या अभ्यासकाला कुठल्याच लेखकाची फुली मारलेली पानं मिळणार नाहीत.

१८५६ च्या वसंतात ‘मादाम बोव्हारी’ पुरी झाली. नकलनविसांनी स्वच्छ प्रत केली, आणि त्या स्वच्छ प्रतीवर फ्लोबेरने पुन्हा लेखणी चालवली. जूनमध्ये बुयेला कळवलं की तीसेक पानं काढली; ओमेची तीन मोठी भाषणं गेली, एक अख्खं निसर्गवर्णन गेलं, नाचाच्या प्रसंगातलं पाहुण्यांचं बोलणं गेलं. मग प्रत द्यु कांकडे गेली, कारण कादंबरी आधी त्याच्या ‘रेव्ह्यू द पारी’ या नियतकालिकात यायची होती. जुलैमध्ये द्यु कांचं पत्र आलं: कादंबरी फापटपसाऱ्याखाली दबलीय, आमच्यावर सोपव, शंभरेक फ्रँकमध्ये एका जाणकाराकडून आम्ही ती छाटून घेऊ. फ्लोबेरने त्या पत्राच्या पाठीवर एकच शब्द लिहून ठेवला, ‘प्रचंड’. स्वतःची तीस पानं कापणारा माणूस दुसऱ्याने एक पान कापलं तर पिसाळतो. यात विसंगती काही नाही. काय खोडायचं हे ठरवणं म्हणजेच त्याचं लेखन होतं.

१ डिसेंबर १८५६ च्या अंकात संपादकांनी एक प्रसंग गाळला आणि खाली टीप दिली. तो घोडागाडीचा प्रसंग. एमा आणि तिचा दुसरा प्रियकर लेऑं एका भाड्याच्या गाडीत बसतात, पडदे ओढलेले, आणि गाडी दुपारभर रुआंमधून फिरत राहते. वाचकाला दिसतात ते रस्ते, पूल, घामाघूम झालेला गाडीवान आणि आतून येणारा “चालव!” असा हुकूम. शेवटी पडद्याखालून एक उघडा हात बाहेर येऊन कागदाचे कपटे भिरकावतो. बस. ज्या प्रसंगात लेखकाने सर्वांत कमी दाखवलं तोच संपादकांना सर्वांत अश्लील वाटला. १५ डिसेंबरच्या अंकात फ्लोबेरने निवेदन छापायला लावलं की वाचकाने या छापलेल्या मजकुराकडे पूर्ण कादंबरी म्हणून बघू नये, तुकडे म्हणून बघावं.

कापूनही उपयोग झाला नाही. सार्वजनिक नीती आणि धर्माचा अवमान केल्याबद्दल लेखक, प्रकाशक-संपादक लोरां-पिशा आणि मुद्रक यांच्यावर खटला भरला गेला. २९ जानेवारी १८५७ रोजी सुनावणी झाली. सरकारी वकील एर्नेस्त पिनार बावळट नव्हता. पुस्तकात व्यभिचार आहे एवढ्यावर तो थांबला नाही. त्याने विचारलं, या पुस्तकात या बाईला दोष देऊ शकेल असं पात्र दाखवा. नवरा? तो तर मेलेल्या बायकोवर आणखी जीव लावतो. धर्मोपदेशक? तो हास्यास्पद. लेखक? तो कुठे बोलतच नाही. साडेचार हजार पानांतून जे निगुतीने काढून टाकलं होतं त्याची गैरहजेरी फ्रान्समध्ये इतक्या नेमकेपणाने पहिल्यांदा टिपली ती या माणसाने. बचावाच्या वकिलाने, ज्यूल सेनारने, उलट टोक गाठलं: ही तर नीतिपर कादंबरी आहे, पापाचं फळ बघा कसं मिळालं. त्याचं भाषण जिंकलं. ७ फेब्रुवारीला सगळे निर्दोष सुटले, न्यायालयाने लेखकाला कानपिचक्या तेवढ्या दिल्या.

एप्रिलमध्ये मिशेल लेव्हीने दोन भागांत पुस्तक काढलं. पाच वर्षांच्या हक्कांचे आठशे फ्रँक. गाळलेलं सगळं परत आलं. त्यानंतरच्या आवृत्त्यांतही फ्लोबेर शब्द बदलत राहिला, ते १८७३ च्या शार्पांतिए आवृत्तीपर्यंत. खटल्याच्या दिवशी त्याने पदरचे पैसे खर्चून लघुलेखक बसवला होता, त्यामुळे कोर्टातली भाषणं शब्दशः हाती होती. १८७३ च्या आवृत्तीत ती कादंबरीच्या पाठीला जोडली गेली, आणि तेव्हापासून कितीतरी आवृत्त्यांत पिनारचं भाषण एमाच्या मागोमाग छापलं जातं.